सातवी लेन

उर्से नाक्यावर अकरा वर्षं
मी माणसं पाहिली ती मनगटापासून पुढं.
चेहरा काचेमागं, अंधारात, कुणाशी तरी बोलत.
बाहेर यायचा तो हात.

ग्रीसनं काळा पडलेला.
लोणावळ्याच्या चिक्कीनं चिकट.
मेंदी न सुकलेला, दोन बोटांत नोट धरून.
एकदा हळदीचा, मनगटाला काकण;
नवरदेव स्वतःच गाडी हाकत मुंबईला निघालेला,
म्हणाला, सुट्टे नाहीत,
आणि लाजला.
(हेसुद्धा हातावरूनच कळलं.)

रुपया-दोन रुपयांच्या जागी
आम्ही लिमलेटच्या गोळ्या द्यायचो.
किवळ्याचे एक ट्रकवाले, इस्माईलभाई,
त्या डॅशबोर्डवर साठवायचे
आणि वर्षातून एकदा मूठभर परत द्यायचे,
"घ्या, तुमचीच ठेव. व्याज लावलं नाही."

घरी वडील विचारायचे ते एवढंच:
सातव्या लेनमध्ये कोण बसतं गं?

आमची विहीर तिथं होती.
बुजवली तेव्हा मी तिसरीत होते,
बांधावर बसून डंपर मोजले, छत्तीसपर्यंत,
मग जेवायची वेळ झाली.
नोकरी लागली तेव्हा सहावी लेन मागून घेतली.
साहेबांनी कारण विचारलं.
म्हटलं, तिथला पंखा चांगला आहे.

मग काचांवर स्टिकर आले.
हजेरीला उभं राहणाऱ्या पोरासारखा
दांडा आपला आपण उठतो, बसतो.
तासाला किती गाड्या गेल्या ते पडद्यावर दिसतं,
हात दिसत नाहीत.
माझ्याकडं आता येतात ते
ज्यांचं खातं रिकामं, स्टिकर फाटका,
किंवा मशीनला जे ओळखूच येत नाहीत.
चिडलेले हात.
मी त्यांचीही वाट बघते.

सातवीत मात्र सारखं काहीतरी बिघडतं.
कॅमेरा बदलला, वायर बदलली,
दोनदा काँक्रीट फोडून पुन्हा भरलं.
ऐन एप्रिलमध्ये, शिरगावचे ओढे कोरडे असताना,
तिथं ओल येते.
पुण्याहून आलेले इंजिनिअर गुडघ्यावर बसले,
बोट लावून वास घेतला, म्हणाले,
कुठून तरी झिरपतंय.
नकाशात तर काही नाही.

वडिलांना हे सांगितलं नाही.
ते आता फारसं विचारतही नाहीत.

काल पहाटे सव्वातीनला
रस्ता कसा कोण जाणे दोन्हीकडून रिकामा झाला.
इतका, की कन्हेरीच्या पानांचा आवाज आला
दुभाजकातून.
मी केबिनचं दार उघडलं, सातवीत गेले,
वाकून हात टेकवला.

गार होतं.

दांड्याला काय वाटलं कुणास ठाऊक,
तो उठला.