मोजणी

लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेम्स्टर.
मधली अक्षरं कुणी खाल्ली विचारलं
तर प्रोबर्ट म्हणाला, बुरशीनं.

त्याच्या शेडमागे बीचचं खोड
तीन हिवाळे ओल्या गवतात पडून होतं,
वरून गोणपाट, खालून गांडुळं.
लवकर काढलं तर नुसतं लाकूड, म्हणायचा,
उशीर केला तर नुसता भुसा.
यंदा मार्चात त्यानं अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं
आणि म्हणाला, आता.

अर्धा चिरलेला ओंडका आम्ही दोघांनी उचलला.
त्याचं वय एकोणऐंशी,
माझं चौसष्ट, कमरेचं वेगळं.
लेथ सुरू केलं तेव्हा अख्खी शेड थरथरली,
खिडकीतला स्क्रूंचा डबा सरकत सरकत
काठावर आला आणि थांबला.

मास्क लाव, ही बुरशी छातीत जाते.
तीस वर्षं मी हेरफर्डच्या इस्पितळात
छात्यांचेच एक्स-रे काढले, मला काय सांगतोस.
तरी त्यानं पट्टा ओढून पाहिला.

आधी साल उडाली, मग ओली, मऊ,
आळंब्यांच्या वासाची सालपटं कोपरापर्यंत,
मग लेथ थांबवून पाहिलं
तर नकाशा.

काळ्या रेघा, टाकानं ओढल्यासारख्या.
अलीकडे पिवळट, पलीकडे राखी.
दोन बुरश्या समोरासमोर आल्या
की मध्ये भिंत घालतात, प्रोबर्ट म्हणाला.
बांध, मी म्हटलं.
त्याला शब्द आवडला, दिवसभर घोळवत राहिला,
पण त्याच्या तोंडी त्याचं बंड झालं.

माझे वडील मोजणी खात्यात होते.
साखळी, झेंड्या, लाकडी पेटीतलं होकायंत्र.
भाऊ भाऊ भांडत असले
की दोन्ही घरचा चहा नाकारायचे,
हद्दीचा दगड चपलेच्या टोकानं चाचपायचे.
बांध हलत नाही, म्हणायचे, माणसं हलवतात.

इथे हलतो.
गोल पटाशीचा एक हात फिरला
की रेघ बोटभर सरकते,
राखी भावकी पिवळ्यात घुसते,
मध्येच एक बेट वर येतं,
पुढच्या हाताला बुडतं.
सकाळचा नकाशा पायाशी भुसा होऊन पडलेला
आणि कुणाची हरकत नाही.

गेल्या वर्षी मी हक्कसोड पत्रावर सही केली.
भावानं कुरिअरनं पाठवलं होतं,
कुठे कुठे सह्या ते पेन्सिलीनं फुल्या मारून.
चार फुल्या. चारही केल्या.
मग त्यानं साडी पाठवली.
फिकट जांभळी. बरी आहे.

पावणेपाचला पटाशी अडकली.
कडेपासून चार बोटं खाली लाकूड लोण्यासारखं होतं,
मला कळलंच नाही. ढलपी सुटली,
स्क्रूंच्या डब्याला लागली,
तो पडला एकदाचा.
अंगठा जाईल एवढं भोक.
भरून देतो, प्रोबर्ट म्हणाला. राळ आहे, निळी पण आहे.
राहू दे म्हटलं.
आम्ही गुडघ्यांवर बसून स्क्रू वेचले.

आई असती तर म्हणाली असती,
एवढी मोठी काथवट आणि भाकरीचं पीठ मळायचं नाही?
नाही. बुरशीचं लाकूड, अन्न नको.
मग ठेवायचं काय त्यात?
ते प्रोबर्टनंही विचारलं नाही.

गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली
तर गाडी पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून कोकलायला लागली.
लावला.

अजून ओली आहे. वाळताना वाकणार,
गोल राहणार नाही, मग पुन्हा लेथवर.
तोवर जिन्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दर रविवारी काट्यावर ठेवते,
बुडाशी पेन्सिलीनं लिहिते:
सहा किलो चारशे.
सहा किलो नव्वद.
पाच किलो आठशे साठ.
आकडा हलायचा थांबला की वाळली म्हणायचं.
अजून हलतोय.