ओतण्याआधी

शनिवारी रात्री नऊला कानातलं यंत्र काढतो,
जुना सेल टाकून नवा बसवतो,
मसुरीच्या दाण्याएवढा.
तबिथा म्हणते, सकाळी घाला की.
सकाळी नको. सकाळी बोटं थरथरतात,
सेल कॉटखाली घरंगळतो,
आणि मग दुसऱ्या गीतापर्यंत मी चिडलेलाच असतो.

एकतीस वर्षं उद्यमनगरात मोल्डर होतो.
कान तिथंच ठेवून आलो, फेटलिंगच्या ग्राइंडरशेजारी.
हात मात्र विसरले नाहीत.
वाळू चाळायची, पाण्याचा हबका मारायचा,
मुठीत दाबून गोळा करायचा आणि मधोमध मोडायचा.
कड ढासळली तर कोरडी,
बोटांना चिकटली तर ओली.
ओल्या साच्यात रस ओतला की उसळून अंगावर येतो;
भीमाप्पाच्या दंडावर त्याचा डाग होता, बशीएवढा.
मिस्त्री म्हणायचे, लोखंड चुकत नसतंय रे,
चुकती ती आपली रिकामी जागा.

देवळात हे कधी आठवलं नाही.

देवळात मी मागून तिसऱ्या बाकावर,
दानाच्या पाकिटामागं पेन्सिलीनं रेघा मारत बसायचो:
आवळे पाळक किती वेळा 'प्रियजनहो' म्हणतात, एवढंच.
गेल्या रविवारी सतरा.
त्याच्या आधी चौदा, पण त्या दिवशी लाइट गेली होती.
जेवताना आकडा सांगायचा, सगळ्यांनी हसायचं.
या खेपेला यशवदननं विचारलं,
नऊ वर्षांचा आहे, खोच नव्हती त्यात,
"आणि आजोबा, सतरांच्या मधे मधे काय म्हणाले ते?"
पांढरा रस्सा वाटीतच निवला.

म्हणून आज उद्याचा शास्त्रभाग आधीच वाचला,
ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, यंत्राशिवाय.
माझाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.
एक वचन कळलं नाही.
पुन्हा वाचलं, तरी नाही.
तिथं बसच्या तिकिटाचा कपटा घालून ठेवला.
साच्यात तारेनं बारीक भोकं पाडायचो आम्ही
हवा जायला.
न कळलेलं तसंच घेऊन जायचं उद्या.

मटणाचंही ठरलं. भक्ती सुटल्यावर.
संपलं असलं तर अंडी.
नाहीतर तिसऱ्या मुद्द्याला मी असतो लक्ष्मीपुरीत,
पिशवी घेऊन रांगेत, पुढच्याशी वाद घालत.

राहिला मनोहर समुद्रे.
हार्मोनियमच्या भात्याचे बाराशे रुपये,
आणि दोन वर्षं एकाच दारातून
एकमेकांच्या चपला चुकवत बाहेर पडणं.
साडेनऊला फोन लावला.
त्याला वाटलं, कोणतरी गेलं.
म्हटलं, सगळे आहेत. त्या हिशेबात
माझं चुकलं असेल.
तिकडं बराच वेळ काहीच नाही.
बोललाही असेल,
मी यंत्र टेबलावरच विसरलो होतो.

रविवारी फाटकाजवळून चालत, वीस मिनिटं लवकर.
दुसरा बाक. पेन्सिल तबिथाकडं दिली;
तिनं ती अंबाड्यात खोचली, जणू तिचीच.
इथून पाळक वेगळे दिसतात:
कॉलरची इस्त्री एका बाजूला राहून गेलेली,
डोळ्यांखाली जागरण,
पानं उलटताना बोटं माझ्यासारखीच.
आमच्या वाळूला निदान माहीत नसायचं
की ओतणाऱ्यालाही भीती वाटते.

समुद्रे आला. माझ्याकडं न बघता
माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.
मधे चार माणसांची जागा.
राहू दे.

पाळकांनी घोटभर पाणी घेतलं, माइकवर टिचकी मारली.
"प्रियजनहो..."

एक, असं मनात आलंच.
मी यंत्राचा आवाज
एक घर वाढवला.