सही जुळत नाही

परळच्या या तळघरात दिवस असून नसल्यासारखा.
दार लावायचं, दिवा मालवायचा,
दुर्बिणीवर डोळे टेकवून
अंधार मुरण्याची वाट बघायची.
वर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला
की काचपट्टीवरचा थेंब शहारतो.

आज दोन नळ्या, एकाच माणसाच्या.
मोरेश्वर चुरी, एकसष्ट, बेड अकरा.
एक भरती झाले त्या रात्रीची,
एक आठव्या दिवसाची.
उणे ऐंशीत दोघी शेजारीशेजारी,
दोघींच्या लेबलावर माझंच तिरकं अक्षर.

पहिली लावली: काळोख.
साधा, कंटाळवाणा, जसा असावा तसा.

दुसरी लावली,
आणि पेशींचे गाभे एकेक करून उजळत गेले,
कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखे हिरवे,
आत बारीक बारीक ठिपके.
सुंदर दिसतं ते.
हे मी कुणाला सांगत नाही.

म्हणजे घरून आणलेलं नव्हतं.
आठ दिवसांत, आमच्याच वॉर्डात,
पडदा अर्धा ओढलेल्या त्या खाटेवर
त्यांचं रक्त हे शिकलं.

रिपोर्टच्या खिडकीशी हेमलताबाई उभ्या असतात,
हातात डब्याची पिशवी, डबा तसाच भरलेला.
न विचारता सांगतात:
सहकारी बँकेत एकतीस वर्षं सह्या पडताळल्या ह्यांनी.
चेक उलटा धरायचे.
म्हणायचे, नाव वाचलंस की फसलीस,
नुसतं वळण बघ.
एकदा माझाच चेक परत केला,
'सही जुळत नाही',
आणि संध्याकाळी घरी येऊन
चहा मागितला.

भरतीच्या रात्री संमतीपत्रावर त्यांनी केलेली सही
अजून शाबूत, च चा काना ताठ.
आठव्या दिवशी दुसरा कागद पुढे केला
तेव्हा पेन नुसतं घसरत गेलं, मुंगी शाईत बुडून चालावी तसं.
सिस्टरने विचारलं, हीच ना ह्यांची सही?
हेमलताबाई म्हणाल्या,
हो. पण ह्यांनी परत केला असता हा कागद.

विषाणू सहाव्या दिवशीच गेला.
घशाचा नमुना निगेटिव्ह, त्या कागदावर सही माझी.
तरी ताप आहे, तरी छातीत कुणीतरी कुणालातरी
हुडकत फिरतंय.
डॉक्टर लोटलीकर जिन्यात भेटल्या, मास्क हनुवटीवर,
म्हणाल्या, शरीर दवंडी पिटतं ना, चोर आला म्हणून?
काहींच्या बाबतीत दवंडीवाल्यालाच धरतात.
मग जिना चढून गेल्या, दोन पायऱ्या एकदम.

आपलेच दात, आपलेच ओठ
असं रिपोर्टात लिहिता येत नाही.
तिथे लिहायचं:
पॉझिटिव्ह. एकास तीनशेवीस. ठिपकेदार.

मला वाटतं, ते रक्तही चेक उलटा धरून बघत असेल.
इतका ताप, इतकी घाई, काउंटरवर रांग,
नमुन्याचं कार्ड भिजलेलं,
आणि समोर आलेली प्रत्येक सही
थोडी थोडी थरथरणारी.
मालकाचा हात थरथरत असला तर
मालकाने काय करावं?

स्टेरॉइड सुरू आहे.
प्राणवायू अकरा लिटरवरून आठवर.
साखर मात्र चढली.
हिरवं पुढे विझेल की घर करेल,
हेमलताबाईंनी दोनदा विचारलं,
मी दोनदा म्हटलं, तीन महिन्यांनी परत बघू.
आज त्या डबा धुऊन रिकामा नेत होत्या,
त्यांनी दोन घास मागितले म्हणे, पेज.

काचपट्टीवर शेवटचा खण निगेटिव्हसाठी ठेवतो आम्ही,
स्टाफपैकी कुणा धडधाकट माणसाचं रक्त.
गेली चार वर्षं माझंच.
एप्रिलमध्ये मलाही नऊ दिवस ताप होता,
त्यानंतर बाटली बदलली, दंड माझाच.

दार लावलंय. दिवा मालवलाय.
डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात.
सात झालीत.
वरून टँकर जातोय.