हातचं राखून

बस, आयसाल्किन. चहा घे. मीठ घातलंय, दूध याकचं आहे.
गाडी बाहेर उभी आहे, पळून जात नाही.
तीच तिची पहिली खोड:
हिवाळ्यात सकाळी आठच्या आत ती कुठेच जात नाही.

उणे पस्तीस असलं की रात्री रेडिएटर रिकामा करायचा,
ऑइल बादलीत काढून चुलीशेजारी निजवायचं,
पहाटे दोन्ही कढत कढत पाजायचं.
बाळंतिणीइतकं करावं लागतं.
माझी बायको म्हणायची, माझं नाही केलंस एवढं.
खरं होतं ते.

तुला जनावरांची डॉक्टर म्हणून फिरायचंय,
रांगकुल, अलिचुर, त्याच्याही पलीकडची कुरणं.
तुझा भाऊ म्हणतो, ओशला जपानी गाडी मिळते,
पाचच वर्षं वापरलेली, सीट गरम होते.
घे की. चांगली असते ती.
फक्त थांबली तर का थांबली ते सांगत नाही,
पिवळा दिवा लावून गप्प बसते,
आणि तो दिवा वाचता येणारा माणूस
चारशे किलोमीटरवर,
शनिवारी त्याचं दुकान बंद.

ही बोलघेवडी आहे.
पेट्रोलमध्ये पाणी आलं की खोकते.
मागचा डिफरन्शियल कोरडा पडला
की उतारावर, चाळीसच्या वेगाला, बारीक रडते.
पुढच्या डाव्या चाकात खुटखुट झाली
तर पुढच्या वळणावर बघू असं म्हणू नकोस,
पुढचं वळण दरीचं असतं.
दोन टाक्या आहेत, काटा एकाच टाकीचा चालतो
आणि तोही थापा मारतो. काठी बुडवून बघायची.
हीटर डाव्या पायापुरता.
दार आतून उघडत नाही, काच खाली घे, हात बाहेर घाल.

एकदा खिंडीत, पांढऱ्या घोडीच्या,
पंपाचा पडदा फाटला.
वर वारा, मागे दोन मेंढ्या आणि पेन्शन आणायला निघालेला म्हातारा कोझुबेक.
मी बुटाची जीभ कापली, चरबी चोळली, पडदा म्हणून बसवली.
काराकुल तळ्यापर्यंत गेलो.
कोझुबेकला अजून वाटतं तो दुआ पुटपुटला म्हणून.
त्या बुटात अजून बर्फ शिरतो.

तर हे सगळं मी सांगितलं
आणि तू चहा अर्धा टाकून उठलीस,
टॉर्च घेतलास, गोणपाट अंथरलंस
आणि गाडीखाली गेलीस.
मी दारात उभा.
नुसते तुझे बूट दिसत होते,
मधेच टक् टक्, हातोडीच्या दांड्यानं.
बराच वेळ.
कुत्रं आलं, तुला हुंगून गेलं.

बाहेर आलीस तेव्हा कपाळावर ग्रीस.
म्हणालीस, उजवा गर्डर, स्टीअरिंग बॉक्सच्या मागे,
वेल्डिंग आहे. त्यावर ग्रीस थापलंय.
ताजं.
हे नाही सांगितलंत, तोलोमुश-आके.

नाही सांगितलं.
तुझ्याआधी तिघे येऊन गेले.
एकानं टायरला लाथ मारली, एकानं आरशात मिशी पाहिली,
तिसऱ्यानं विचारलं गाणी कशावर वाजतात.
पाठ टेकली नाही कुणी.
वेल्डिंग जुनं आहे, खाणीवरच्या माणसानं केलंय,
आत पट्टी आहे, नऊ हिवाळे टिकलंय.
पण दर महिन्याला ग्रीस पुसून बघ.
केसाएवढी रेघ दिसली तर मीठाच्या मोसमात जाऊ नकोस,
मी असेन तर मला बोलाव.

एक मेंढी कमी दे.
दोन?
बरं, दोन.
डॉक्टर आहेस, मेंढीचे दात तुला कोण शिकवणार.

हँडल सीटखाली आहे.
बॅटरी मेली की ते पुढून घालायचं,
खालून वर ओढायचं, वरून खाली कधीच नाही.
आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव,
मुठीत पकडू नकोस, उलटा झटका देते ती.
हा माझा बघ.
नाही, हा किमतीत धरलेला नाही.