लिफ्टवाल्याचं सिनेमाबद्दल मत

भुताच्या सिनेमात लिफ्ट हमखास खोटी असते.
एकवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो:
दार उघडं असताना गाडी हलत नाही,
आणि दिवे असे फडफडत नाहीत,
जातात ते सरळ जातात, बिल थकल्यासारखे.
बाईच्या मागे आरशात कुणीतरी उभं राहतं
तेव्हा माझं लक्ष बटणांच्या पट्टीकडे.
तेराव्याचं बटण आहे,
बाहेरून बघितली तर बिल्डिंग आठ माळ्यांची.
वाशीच्या थेटरात एकदा हे मोठ्यानं बोललो.
पुढच्या रांगेतलं जोडपं चिडलं,
वासंतीनं मांडीला चिमटा घेतला.

तरी भुताचा सिनेमा मला परवडतो.
घरात काहीतरी बिनसलंय
हे त्यातलं कुत्रंसुद्धा पहिल्या दहा मिनिटांत कबूल करतं.
मी निवांत समोसा खातो.

झेपत नाही तो दुसरा प्रकार,
शर्वरीला आवडतो तो.
बावीस माणसं, एक जिना,
आणि जिन्यावरून सगळी एकाच पावलानं उतरतात.
हळदीचं गाणं, बारशाचं गाणं, काकाच्या साठीचं गाणं.
स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या मजल्याएवढं,
पण कुकरची शिट्टी नाही.
लाइट बिल कुणाच्या नावावर, कुणी विचारत नाही.
आणि शेवटी
आठ वर्षं न बोललेले दोन भाऊ
अंगणात समोरासमोर येतात,
मागे व्हायोलिनं चढत जातात,
एक जण अंतरा धरतो
आणि दुसऱ्याला शब्द पाठ असतात.

बरोबर इथे मी पॉपकॉर्न आणायला उठतो.
बाबा, दरवेळी नेमकं आत्ताच कसं?
मी म्हणतो, आत्ता रांग नसते.

भालू दोन सेक्टर पलीकडे राहतो.
मधे एक नाला आणि मासळीबाजार.
आबांना माथाडीतून मिळालेली खोली,
तिच्यावर चढवलेला मजला,
स्लॅबचे पैसे कुणी घातले,
एवढीच गोष्ट.
अंगण नव्हतंच, नळाची मोरी होती,
तिथे उभं राहून दोघं जे बोललो
त्याला चाल लागण्यासारखी नाही.

गटारीच्या आदल्या रात्री पावणेबाराला कॉल आला.
चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये गाडी अडकलीय,
आत एक माणूस.
पत्ता ऐकून फोन जरा वेळ कानालाच राहिला.

जयरामला बॅटरी धरायला लावली
आणि गाडीच्या टपावर उतरलो.
अंधार, ग्रीस, तापलेल्या वायरीचा वास.
खालून गुणगुण येत होती.
गाणं नव्हतं ते. दोनच सूर,
एक वर, एक खाली, परत वर.
कोपरखैरण्यात लाइट गेली की गोधडीत
माझ्या पाठीला पाठ लावून तो असंच करायचा,
आणि विचारलं तर म्हणायचा,
मी कुठे घाबरलोय?

मधे फक्त पत्रा होता.
ठोठावलं असतं, तर भुताचा सिनेमा झाला असता.
सुरात सूर मिसळला असता, तर दुसरा.

मी बूट न वाजवता वर निघून आलो.
मशीनरूममध्ये ब्रेक सैल केला,
हातानं चाक फिरवत गेलो,
अर्धा फेरा, थांब, अर्धा फेरा,
गाडीत धक्का बसू नये इतपत.
पाचव्याला लागली.
दार उघडायला जयरामला पाठवलं.

तो येऊन म्हणाला, काका घामानं चिंब होते,
पण वर म्हणतात, आपण कुठे घाबरलो.
शंभर रुपये देत होते, घेतले नाहीत.
घ्यायचे होतेस, म्हटलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं: दाराचा कॉन्टॅक्ट खराब, बदलला.
सहीच्या जागी मी एरवी नुसती रेघ ओढतो.
त्या रात्री पूर्ण नाव घातलं,
आबांच्या नावासकट, वाचता येईल असं.

रविवारी शर्वरीनं विचारलं,
गाण्यांचा लागलाय, येणार का?
येतो म्हटलं.
पण कडेची खुर्ची माझी.