खळ्यावरची राखण

मार्गशीर्ष सरता सरता
आमट्याच्या रानात थंडी चालत येते.
आधी ओढ्याकाठी बसते,
मग खळ्यावर,
मग सरळ घोंगड्यात शिरते, विचारतही नाही.

त्या रात्री राखणीला मी, धाकलू
आणि फॉरेस्ट गार्डाचा मडिवाळ.
ठकीला नेणार नव्हतो.
ती मागोमाग आली,
एका पायात चप्पल, दुसरी कुठं ते तिलाच ठाऊक नाही.

मामानं हातात डबा दिला, काठी दिली.
"गवं आलं की बडवायचं. जीव खाऊन."
आणि माचाखाली घोरायला लागला.

शेकोटी राखेत गेली तेव्हा
धाकलूनं मान वर केली.
"आयला," म्हणाला. एवढंच.

वर कुणीतरी वारं बघून उफणणी केली होती.
दाणे जागोजाग,
आणि भूस एका बाजूला उडालेलं,
रानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत.
तिकांडं मात्र नीट रांगेत,
कुणी दोरी धरून लावल्यासारखं.

आम्ही म्हणालो चांदणी.
मडिवाळ म्हणाला चुक्की.
ठकीनं दोन्ही घेतलं:
एक चांदणी, एक चुक्की, एक चांदणी...
तिला वीसपर्यंतच येत होतं.
वीस झाले की पुन्हा पहिल्यापासून.
तोंडातून निघणारा धूर बघून
मध्येच हसायची, आणि मोजणी चुकायची.

तेव्हा ओढ्यावरचं धुकं हललं.

धुक्याला पाय होते.
गुडघ्यापर्यंत पांढरे, वर नुसता काळोख,
काळोखाला शिंगं.
पाच. मग सात. एक लहान, आईच्या पोटाखाली.
त्यांच्याही नाकातून धूर,
आमच्याही.
मध्ये कापलेल्या भाताचे खुंट
आणि दव.

काठी माझ्या हातात होती.
डबा ठकीच्या मांडीवर.

मोठ्यानं उडवीतली एक पेंढी ओढली,
सावकाश चावली. कडकड ऐकू येत होती.
चावता चावता आमच्याकडं बघितलं,
आम्ही कुणाची पोरं ते आठवत असल्यासारखं.
मडिवाळनं माझा दंड इतका घट्ट धरला होता
की त्याची बोटं दोन दिवस राहिली.

किती वेळ, ते सांगता येत नाही.
परत धुकंच होतं.

सकाळी मामानं खुरं मोजली.
उडवीला पडलेलं भगदाड बघितलं.
दवानं भिजलेला डबा उचलला, पालथा केला.
"का नाही रे बडवलंसा?"

मडिवाळ त्याच्या भाषेत काहीतरी बोलला,
मी माझ्या.
दोन्ही खोटं होतं.

ठकी एका पायावर उभी होती,
दुसरा पाय पोटरीला घासत, गार.
म्हणाली,
"त्यांनी मोजे घातलेले, मामा.
आवाजच नाही आला."