दोर

सालिमु चिवाउला म्हणाले, आधी चहा.
साठ वर्षं थांबलंय युद्ध,
आणखी एक कप थांबेल.

मी टेपरेकॉर्डर चटईवर ठेवला.
हेडमास्तरांकडून सही करून आणलेला,
चार सेलपैकी दोन जुने,
सकाळभर पत्र्यावर उन्हात तापवून
थोडी धुगधुगी आणलेले.

मालोम्बे सरोवरावरून वारा येत होता
सुकत घातलेल्या मासळीचा वास घेऊन.
बाया जाळी झटकत होत्या.
एक कोंबडी हाकलली तरी फिरून माइकपाशी.
संग्रहालयाच्या पत्रात लिहिलं होतं:
शांत जागा निवडावी.

त्यांनी आधी नंबर सांगितला,
इंग्रजीत, ताठ बसून.
मग नाव,
आपल्या याव बोलीत, भिंतीला टेकून.

मग ब्रह्मदेश. काबावचं खोरं.
चिखल केवढा, तर
खेचराच्या पोटाला लागेल एवढा,
आणि आम्ही खेचराहून बुटके.
किती जण गेले तो आकडा त्यांना येईना,
पण मांसाच्या डब्यावरचा बैल
त्यांनी बोटाने मातीत काढून दाखवला,
शिंगांसकट.
मी वहीत लिहिलं: बैल. टेपला दिसत नाही.

मग ती नदी. चिंदविन.
तराफा, रात्र, आणि अम्बाली,
ज्याची होडी इथे यांच्या होडीशेजारी बांधलेली असायची.
पट्टीचा पोहणारा.
पण पाठीवर गोळ्यांची पेटी होती
आणि पायात बूट,
बुटांची आम्हाला तेव्हा कुठे सवय.
तराफा कलंडला.
दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, एक माझ्या हातात.
धरला, धरला,
आणि दोर तुटला.
हे बघ.

त्यांनी तळहात उघडला.
ती आडवी, पांढरी रेघ
गावात कुणाला ठाऊक नाही?
पेन्शनचा साहेब आला तेव्हा उघडला होता हात,
लग्नाघरी उघडायचा, नोव्हेंबरात शाळेत उघडायचा.
नऊ वर्षांची असताना
मीही तिच्यावरून बोट फिरवलंय.

टेपचं चाक जडावलं होतं.
मी बंद करायला वाकले.
ते म्हणाले, राहू दे.

मग बराच वेळ नुसती कोंबडी.

ही रेघ जाळ्याची आहे, ते म्हणाले.
परत आल्यावर दुसऱ्या वर्षी
मोठा कांपांगो लागला होता, त्याने ओढली.
अम्बालीची बहीण दर हंगामाला
पहिली कणसं माझ्याकडे धाडायची.
दोर तुटेपर्यंत धरणाऱ्याकडे.
मी ती खायचो.
भाजून, मीठ लावून, सगळी.
तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

पुढचं ते इतकं हळू बोलले
की मला अर्धं कळलं,
आणि पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही.
चहाची कपबशी मीच विसळली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात
नवे सेल घालून लावली टेप.
सुरुवातीला ते होते, तेच, नंबर, नाव, चिखल.
नदीच्या पुढे आवाज चढू लागला.
मरत्या सेलांवर टेप हळू फिरलेली,
आता नव्या जोमात धावत होती.
कोंबडीची चिमणी झाली.
बायांच्या जाळ्यांचा फडफडाट झाला.

संग्रहालयाच्या फॉर्मवर एक चौकोन आहे:
घटना, एका वाक्यात.
पेन तिथे टेकवून मी ऐकत राहिले.

आतून एक पोरगा बोलत होता,
विशीचा असेल, आवाज नुकताच फुटलेला,
घाईघाईने, कुणी येण्याआधी सांगून टाकावं तसा:
तो ओढत होता.
मीही गेलो असतो.
मी सोडला.
त्याला कळलं, मी सोडला ते.